एकाच क्लबात केस पिकवलेले बॅक : कॅरागर आणि बाकीची मंडळी

टिळकवाडीचा_स्टॉपर

ट्रेंटवरून आपल्यात जी हमरीतुमरी झाली ती वाचून हा धागा वेगळा काढतोय. तिकडे पुढं भांडत बसलो तर मॉडरेटर कुलूप लावेल.

मुद्दा असा होता. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नॉल्ड सहा वर्षांचा असल्यापासून लिव्हरपूलच्या अकादमीत. करार संपला, २०२५ मध्ये रेआल माद्रिदला गेला. जायचं जाहीर केल्यावर आर्सेनलविरुद्ध घरच्याच मैदानावर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्यावर आपल्यातल्या एकानं लिहिलं, "निष्ठाबिष्ठा काही नसतं. ज्याला बाहेर कोणी विचारत नाही तो क्लबात राहतो. कॅरागरच बघा." हे शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून लिहायला बसलो.

जेमी कॅरागर, लिव्हरपूलचा बॅक, म्हणजे बचावपटू. १९९७ च्या जानेवारीत पहिला सामना, २०१३ च्या मेमध्ये शेवटचा. मधे ७३७ सामने, सगळे लिव्हरपूलचे. त्याच्यापुढं फक्त इयन कॅलाहन, ८५७. बरं, हा पोरगा लहानपणी एव्हर्टनचा कट्टर. बूटल भागातलं घर, सगळं घराणं निळ्या जर्सीचं, आणि आयुष्य गेलं लाल जर्सीत. म्हणजे जन्मानं चिकटलेली निष्ठा वगैरे भानगडच नाही. कामाला लागला आणि कामातून चिकटला.

दुसरं म्हणजे त्याला जागा कुणी आंदण दिली नव्हती. उलीए साहेब मॅनेजर होते त्या काळात दरवर्षी एखादा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, विकत यायचा. २००० ला बाबेल आला, झीगे आला. २००१ ला रीसे, २००३ ला फिनन. प्रत्येक वेळी पेपरवाले म्हणायचे, आता कॅरागर बाकावर. आणि ऑगस्ट-सप्टेंबर उलटला की हा परत अकरात. उजवीकडे जागा नाही, मग डावीकडे. २००१ ला लीग कप, एफए कप आणि युएफा कप असे तिन्ही जिंकले त्या हंगामात हा उजव्या पायाचा माणूस लेफ्ट बॅक खेळत होता. ज्यांनी कधी उलट्या पायावर बॅक खेळलंय त्यांनाच कळेल ते काय असतं. विंगर बाहेरून गेला की तुमचा चांगला पाय चुकीच्या बाजूला राहतो.

२००४ ला बेनितेझ मॅनेजर म्हणून आला आणि त्यानं ह्याला मधे आणला, हिप्पियाच्या शेजारी. तेव्हा कुठं स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, झाला. वय सव्वीस. तोवर नुसता "कुठंही खेळेल" म्हणून ओळख.

विचारणारे नव्हते म्हणून राहिला, हे मला पटत नाही. जागेसाठी दरवर्षी नव्या माणसाशी भांडला म्हणून राहिला. तुमचं काय म्हणणं?

आर्सेनल_अनगोळ

ते वाक्य माझंच होतं हो काका. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं 😄

पण मी मागं हटत नाही. तुम्ही म्हणताय ते कष्ट झाले, निष्ठा नव्हे. निष्ठा मोजायची तर समोर मोठं ताट वाढलेलं पाहिजे आणि माणसानं ते सरकवलेलं पाहिजे. २००५ ला चेल्सीनं लिव्हरपूलच्या कप्तानाला, जेरार्डला, ताट वाढलं होतं, तो आधी उठला आणि मग परत बसला. कॅरागरपुढं माद्रिदनं कधी ताट वाढलं?

आणि प्रीमियर लीगमध्ये त्याचे स्वतःच्या गोलात सात गोल आहेत. ते पण कौतुकात धरायचे का?

निपाणकर_आण्णा

धरायचे. सगळ्यात आधी तेच धरायचे.

११ सप्टेंबर १९९९, ॲनफिल्ड, समोर मँचेस्टर युनायटेड. कॅरागरनं एकाच सामन्यात आपल्या गोलीला दोनदा चकवलं. लिव्हरपूल ३-२ नं हरलं. युनायटेडविरुद्ध, घरात, दोन स्वयंगोल. आपल्याकडं असं झालं असतं तर पोरगं गाव सोडून पुण्याला नोकरीला गेलं असतं. हा गडी पुढच्या सामन्याला परत उभा राहिला. २००६ चा एफए कप फायनल, कार्डिफ, वेस्ट हॅमविरुद्ध. परत याच्याच पायाला लागून पहिला गोल आत. शेवटी जेरार्डनं वाचवलं, ३-३, पेनल्टीवर कप आला.

फॉरवर्ड दहा संधी घालवतो आणि एक घालतो, पेपरात फोटो. बॅक नव्वद मिनिटं नीट खेळतो, एकदा घसरतो, पेपरात फोटो. हे ज्याला सोसतं तोच पंधरा-सोळा वर्षं टिकतो. लोक त्याच्यावर जीव टाकतात ते ह्यासाठी. त्याच्या नावाची आरोळी होती, सगळी अकराच्या अकरा माणसं कॅरागरच असती तर काय बहार, अशा अर्थाची. जेरार्डसाठी नाही म्हटली ती. कॅरागरसाठी म्हटली.

आता तू सांग अनगोळकर, तुमच्या आर्सेनलचा फॉरवर्ड आँरी, असे अकरा आँरी घेऊन टीम उतरवशील काय?

आर्सेनल_अनगोळ

अकरा आँरी उतरवले तर ११-९ नं जिंकू आण्णा.

कॅम्पातला_मिलानवाला

चर्चेत थोडं उशिरा येतोय, पण मिलानचं नाव निघाल्याशिवाय असा धागा पूर्ण होऊ शकत नाही, आणि अजून कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

अनगोळकरांची ताटाची कसोटी मान्य करू. मग फ्रँको बारेझी घ्या. १९८० मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात मिलानला शिक्षा म्हणून दुसऱ्या श्रेणीत ढकललं. वर आले, आणि १९८२ ला खेळून हरून परत खाली गेले. एवढा गुणी लिबेरो, म्हणजे सगळ्यांच्या मागचा मोकळा बॅक, इटलीच्या विश्वविजेत्या चमूत नाव असलेला, वय बावीस. त्याला कोणत्याही क्लबानं डोळे झाकून घेतलं असतं. तो दोन्ही वेळा मिलानबरोबर सेरी बी मध्ये खेळला, आणि त्याच वयात कप्तान झाला. १९९७ ला थांबला तेव्हा ७१९ सामने. सहा नंबरची जर्सी क्लबानं कायमची बाजूला ठेवली. गंमत म्हणजे पोरवयात त्याच शहरातल्या इंटर क्लबानं त्याला नाकारलं होतं, आणि त्याचा सख्खा भाऊ इंटरमध्येच होता.

आणि १९९४ चा वर्ल्ड कप. २३ जूनला नॉर्वेविरुद्ध गुडघा गेला, मेनिस्कसची शस्त्रक्रिया झाली, आणि १७ जुलैला पासाडेनाला फायनलमध्ये परत उभा. ब्राझीलच्या रोमारियो-बेबेतो जोडीला एकशे वीस मिनिटं गोल करू दिला नाही. मग पहिली पेनल्टी त्यानंच घेतली आणि बारच्या वरून मारली. लोकांना बॅजिओची शेवटची आठवते. पहिली कुणाची हुकली हे विचारा, दहातले आठ गप्प बसतील.

मालदिनीवर सवडीनं लिहितो. ते मोठं प्रकरण आहे.

खानापूर_लोकल

मिलानवाले सर भारी 🙏 मालदिनीची वाट बघतोय.

मी तोवर आमच्याकडचं सांगतो. नाव लिहिणार नाही, त्याला आवडत नाही. आमच्या गावच्या टीमला एक स्टॉपर होता, वयानं आमच्या काकाच्या बरोबरीचा. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. मॅच असली की शिफ्ट बदलून घ्यायचा, नाहीच जमलं तर रात्रपाळी करून डायरेक्ट ग्राउंडवर. आमची मॅच म्हणजे पावसाळ्यातच, लाल चिखल नुसता. मॅच संपल्यावर सगळी पोरं चहाला पळायची. हा बाजूच्या कट्ट्यावर बसून आक्सा ब्लेडच्या तुकड्यानं एक-एक स्टड खरवडायचा. आधी स्वतःचे बूट, मग बारक्या पोरांचे. ब्लेडच्या एका टोकाला सुतळी गुंडाळलेली, हाताला लागू नये म्हणून.

कॉर्नर आला की गोलीच्या पुढं येऊन उभा राहायचा आणि मोठ्यानं माणसं मोजायचा. "तुझा कोण? तुझा कोण?" प्रत्येकाला बोट दाखवून. ज्यानं उत्तर दिलं नाही त्याला तिथंच शिवी. बेळगावातल्या मोठ्या क्लबांनी त्याला बोलावलं होतं, हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं, आणि ते पण दुसऱ्याच माणसाकडनं.

कॅरागरची मॅच बघताना मला तोच दिसायचा. तो पण सारखा ओरडायचा. कॅमेरा कुठंही असू दे, ह्याचं तोंड चालूच.

टिळकवाडीचा_स्टॉपर

खानापूरकर, ते ओरडणं हे निम्मं काम असतं रे. टीव्हीवर बॉलच्या मागं कॅमेरा फिरतो म्हणून दिसत नाही. लाईन कधी वर ओढायची, फुलबॅकनं आत कधी यायचं, हाफनं कुणाला उचलायचं, हे सगळं मागून दिसतं. पुढच्याला पाठीमागं डोळे नसतात. लेले मैदानावर रविवारी उभं राहून बघा, चांगल्या स्टॉपरचा घसा मॅचनंतर बसलेला असतो.

तुमच्या त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

शहापूरची_सई

मी सध्या बेंगळुरूला असते आणि तिथल्या कंठीरवा स्टेडियमला मॅच बघायला जाते, त्यामुळे मला थोडं वेगळं म्हणायचंय.

तुम्ही सगळे जुन्या काळाच्या चष्म्यातून बघताय, दादा-काका लोक. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपच्या कोर्टात बोस्मान या खेळाडूच्या खटल्याचा निकाल लागला. त्याच्या आधी करार संपला तरी क्लब खेळाडूला पैसे घेतल्याशिवाय सोडत नसे. म्हणजे बारेझीच्या पिढीतल्या कितीतरी "निष्ठावंतांना" दारच उघडं नव्हतं. निकालानंतर करार संपला की खेळाडू मोकळा. ट्रेंट गेला तो याच वाटेनं. उलट माद्रिदनं क्लब वर्ल्ड कपसाठी थोडं आधी मिळावा म्हणून लिव्हरपूलला पैसे तरी दिले. मग त्याला शिव्या कशाला? वीस वर्षं दिली की त्यानं.

कॅरागरचं मला कौतुक आहे, पण राहिलेल्याचं कौतुक करायला गेलेल्याला गद्दार म्हणायची गरज काय? आपल्या किती घरातली मुलं पुण्याला, बेंगळुरूला, गल्फला गेलीत. त्यांना कोणी स्टेशनवर हुर्यो करतं का?

निपाणकर_आण्णा

सई, बाई, मुद्दा बरोबर आहे. पण बोस्माननंतर दार उघडं झालं आणि तरी कॅरागर सतरा हंगाम बसला, मग त्याचं मोल वाढलं की कमी झालं? बारेझीला सूट देतो एकवेळ. कॅरागरला, बार्सिलोनाच्या पुयोलला, मालदिनीच्या शेवटच्या चौदा वर्षांना ती सूट लागतच नाही.

आणि स्टेशनवर हुर्यो करत नाहीत, पण गणपतीला आला नाही तर बोलतात की!

आर्सेनल_अनगोळ

सईताईंचं म्हणणं मला पटलं. बाकी पुयोल म्हणाल तर शंभर टक्के. ५९३ सामने, दोन्ही गुडघे संपेपर्यंत.

आता माझ्या माणसाबद्दल दोन शब्द, नाहीतर म्हणाल नुसता खोड्या काढतो. टोनी ॲडम्स. १९८३ ते २००२, ६६९ सामने, सगळे आर्सेनलचे. एकविसाव्या वर्षी कप्तान. १९८९, १९९१, १९९८, २००२ अशा चार लीग, म्हणजे तीन वेगवेगळ्या दशकांत कप्तान म्हणून लीग जिंकली. पण ह्याची निष्ठा मला क्लबाकडूनच जास्त दिसते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल डिसेंबर १९९० ला तुरुंगात गेला. कप्तान जेलमध्ये! क्लबानं काढलं नाही. बाहेर आला, त्याच हंगामात लीग जिंकली. दारू सुटली ती १९९६ ला, त्यानं स्वतः सगळ्यांसमोर कबूल केल्यावर. पुढं व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी संस्था काढली. २०११ ला स्टेडियमबाहेर पुतळा बसवला.

१९९८ ला एव्हर्टनविरुद्ध त्याचा शेवटचा गोल बघा कोणीतरी. स्टीव्ह बोल्ड नावाचा स्टॉपर पास देतोय, स्टॉपर ॲडम्स पळत जाऊन डाव्या पायानं मारतोय. ४-० आणि लीग. आयुष्यभर हात वर करून ऑफसाइड मागणारा माणूस त्या दिवशी हात पसरून नुसता उभा राहिला.

मडगाव_व्हाया_लोंढा

सगळं इंग्लंड-इटली चाललंय. घाट उतरला की गोवा, तिकडं बघा जरा. मी नोकरीनिमित्त मडगावात आहे.

समीर नाईक. गोव्याच्या धेंपो क्लबाचा बॅक. धेंपोनं राष्ट्रीय पातळीवरची लीग पाच वेळा जिंकली त्या सगळ्या चांगल्या काळात हा माणूस मागं उभा होता. भारताकडूनही खेळला. कोलकात्याचे क्लब पैशाच्या थैल्या घेऊन गोव्यात यायचे तो काळ. त्याच्याबरोबर महेश गवळी, तो पण धेंपोला बरीच वर्षं होता, पण त्याआधी चर्चिल, ईस्ट बंगाल असा फिरून आलेला. दोघंही उत्तम. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर त्या जोडीला खेळताना बघणं म्हणजे काय सांगू. घाई नावाला नाही. समोरचा फॉरवर्ड धावून धावून दमायचा आणि हे दोघं चालत येऊन बॉल घेऊन जायचे.

ह्या लोकांवर कोणी धागे काढत नाही. मराठी-कोंकणी आडनावाची माणसं, आपल्यापासून काही तासांवर खेळत होती, आणि आपण रात्री जागून बूटलच्या पोराचं कौतुक करतोय.

टिळकवाडीचा_स्टॉपर

पटलं. टोमणा मानून घेतला.

कॅम्पातला_मिलानवाला

मडगावकरांच्या पोस्टला जोडून सुब्रत भट्टाचार्य यांचंही नाव नोंदवतो. मोहन बागान, १९७४ ते १९९०, स्टॉपर, दुसऱ्या कुठल्या क्लबाचं नाव नाही. कोलकात्यात मोहन बागान-ईस्ट बंगाल अशी उडी मारणं तेव्हा नेहमीचं होतं, मोठमोठे मारत. हे हलले नाहीत. १९७७ ला पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबाबरोबर ईडन गार्डन्सवर आला होता, २-२ बरोबरी झाली, त्या काळातला हा बॅक. आणि बेंगळुरूच्या सुनील छेत्रीचे सासरे, हे सईताईंसाठी.

आता मालदिनी.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत, भराभर सांगतो. २० जानेवारी १९८५, उदिनेसेविरुद्ध, वय सोळा. ३१ मे २००९ ला शेवटचा. ९०२ सामने, सात लीग, पाच युरोपियन कप. वडील चेझारे १९६३ च्या युरोपियन कप विजेत्या मिलानचे कप्तान. तीन नंबरची जर्सी बाजूला ठेवली, पण मुलांपैकी कुणी मिलानकडून खेळला तर त्याला मिळेल अशी सोय ठेवून. मुलगा डॅनियल खेळला, गोलही केला.

मला सांगायचंय ते दुसरंच. हा धागा कॅरागरवर आहे आणि गंमत अशी की दोघांची नियती एकाच रात्री ठरली. २५ मे २००५, इस्तंबूल, मिलान विरुद्ध लिव्हरपूल. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. पहिल्याच मिनिटाला पिर्लोची फ्री किक आणि मालदिनीचा गोल. छत्तीस वर्षांचा बॅक, चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये, पहिल्या मिनिटाला, उजव्या पायानं व्हॉली. पुढं क्रेस्पोचे दोन. हाफ टाइमला ३-०. मी टीव्ही बंद करून झोपलो असतो तर फार सुखी झालो असतो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ५४, ५६, ६० व्या मिनिटाला लिव्हरपूलचे गोल. सहा मिनिटांत तीन.

त्यानंतर मिलानच्या कट्टर समर्थकांचा आणि मालदिनीचा खटका उडाला. इस्तंबूलहून परतल्यावर विमानतळावर बोलाचाली झाली, असं तेव्हा छापून आलं होतं. खेळाडूंनी माफी मागावी अशी त्यांची अपेक्षा, आणि हा माफी मागणाऱ्यातला नव्हता. त्या लोकांनी ते चार वर्षं मनात ठेवलं. २४ मे २००९, सान सिरोवरचा त्याचा शेवटचा सामना, रोमाविरुद्ध, २-३ हरले. सामना संपल्यावर सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतंय, मालदिनी मैदानाला फेरी मारतोय, आणि कुर्वा सूदच्या, म्हणजे कट्टर समर्थकांच्या गॅलरीच्या, समोर आला तेव्हा तिथून शिट्ट्या. फलक लावलेले. कप्तान एकच, आणि बारेझीची भली मोठी सहा नंबरची जर्सी. दुसऱ्या फलकाचा आशय असा की ज्यांनी तुला श्रीमंत केलं त्यांचा तू मान ठेवला नाहीस.

पंचवीस हंगाम. ह्याच्याहून जास्त कुणी काय द्यायचं?

पुढच्या रविवारी फिओरेंटिनाच्या मैदानात शेवटचा सामना. मिलान २-० जिंकलं. आणि तिथल्या लोकांनी, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध हा आयुष्यभर खेळला त्यांनी, उभं राहून निरोप दिला.

त्यामुळे निष्ठेचा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडा. खेळाडू क्लबाशी किती निष्ठावंत, हे आपण फार आवडीनं मोजतो. समर्थक खेळाडूशी किती, यावर धागा निघत नाही.

खानापूर_लोकल

🙏🙏 सर. हे शिट्ट्यांचं मला ठाऊकच नव्हतं.

गोकाकचा_गुरु

नमस्कार सगळ्यांना. मी कन्नड घरातला, शाळा मराठी मित्रांबरोबर झाली, चुकलं तर सांभाळून घ्या.

मिलानवाले सर, तुमची तीच रात्र आमच्या बाजूनं सांगतो. हाफ टाइमला फिननच्या जागी हामान आला. मागं तीनच राहिले, कॅरागर, हिप्पिया, त्राओरे. तीन माणसं आणि समोर शेवचेन्को, क्रेस्पो आणि ब्राझीलचा तो काका नावाचा खेळाडू. सगळे ते सहा मिनिटांतले तीन गोल सांगतात. मला त्यानंतरचा तास आठवतो. मिलाननं डावीकडून सेर्जिन्यो आणला आणि तो सारखा क्रॉस टाकत होता. एक्स्ट्रा टाइममध्ये कॅरागरच्या पायात गोळे आले. डाव्या बाजूनं क्रॉस आला, ह्यानं पाय ताणून बॉल अडवला आणि तिथंच कोसळला. मांडी धरून लोळतोय. कोणीतरी येऊन पाय वर उचलून ताणला. उठला. पुढच्या क्रॉसला परत तोच पाय, तसाच ताणला. परत खाली. मी तेव्हा मित्राच्या घरी होतो, त्याची आई उठून आली आणि म्हणाली, त्या पोराला बाहेर का घेत नाहीत रे? बदली खेळाडू तिन्ही वापरून झालेले. तिला काय सांगणार मगा!

मग पेनल्टी. कॅरागरला घ्यायला दिली नाही. तो धावत आमच्या गोलीकडं, दुदेककडं गेला आणि त्याला खांदे धरून समजावतोय. नंतर कळलं, १९८४ च्या रोमच्या फायनलमध्ये लिव्हरपूलच्या ग्रोबेलार या गोलीनं पाय लटपटवून समोरच्याला गोंधळवलं होतं, तसं कर म्हणून सांगत होता. दुदेकनं केलं. सेर्जिन्योनं वर मारली, पिर्लो आणि शेवचेन्कोची अडवली.

अनगोळकर, ह्याला माद्रिदनं विचारलं नाही, बरोबर. पण त्या रात्री माद्रिदचा कुठला बॅक तिथं असता तर तो दुसऱ्यांदा पाय ताणला असता का, सांग.

आर्सेनल_अनगोळ

नाही ताणला असता. हे मान्य.

पण माझा मूळ मुद्दा तसाच उभा आहे. ताट वाढलंच नाही तर सरकवणार काय? कॅरागर थोर आहे, निष्ठावंत आहे का ते सिद्ध झालं नाही. बस्स एवढंच.

निपाणकर_आण्णा

तू वकील हो बाबा.

मिलानवाल्यांच्या शेवटच्या प्रश्नावर सांगतो. समर्थकांची निष्ठा बघायची तर कोल्हापूरला चला, निपाणीपासून तासाभराचं काम. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस ही तालमीची नावं लागतात तेव्हा पेठच्या पेठ उतरलेली असते. तिथं पोरगं एका तालमीतनं दुसऱ्या तालमीत गेलं तर नुसती चर्चा होत नाही, घरापर्यंत विषय जातो. आणि जो बॅक वर्षानुवर्षं एकाच तालमीकडनं खेळला त्याचं लग्न, बारसं, आजारपण सगळं पेठ बघते. पण तीच पेठ हरल्यावर त्याच्याच आईबहिणीवरनं बोलते, हे पण बघितलंय. इटलीत काय नि मंगळवार पेठेत काय. म्हणून मी कुर्वा सूदच्या शिट्ट्या ऐकून फार दचकलो नाही.

लिव्हरपूलच्या लोकांना मात्र मार्क द्यायला पाहिजेत. कॅरागर २००७ ला अथेन्सला त्याच मिलानकडनं २-१ हरला, मालदिनीनं कप उचलला. २००६ ला वर्ल्ड कपमध्ये पोर्तुगालविरुद्ध पेनल्टी घातली, पंचानं शिट्टी वाजायच्या आधी मारली म्हणून परत घ्यायला लावली, आणि ती अडवली गेली. प्रीमियर लीग एकदाही जिंकली नाही. तरी शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्या नावाची आरोळी थांबली नाही.

शहापूरची_सई

शेवटच्या दिवसाचं कोणीतरी लिहा ना. मी तेव्हा शाळेत होते.

टिळकवाडीचा_स्टॉपर

१९ मे २०१३, समोर क्वीन्स पार्क रेंजर्स, ते आधीच खालच्या श्रेणीत गेलेले. कुटिन्योचा गोल, १-०. सामन्यात काही नव्हतं खरं तर. पण दुसऱ्या हाफमध्ये बॉल कॅरागरकडं आला, गोलपासून बराच लांब, आणि ह्या माणसानं, ज्यानं आयुष्यभर बॉल गॅलरीत मारला, त्यानं सरळ गोलवर हाणला. गोली जागेवरच. बॉल खांबाला लागून बाहेर. सगळं स्टेडियम डोक्याला हात लावून हसतंय आणि ओरडतंय.

गेला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. काही लोक म्हणतात नाही गेला तेच शोभलं. मला नाही पटत. सात वेळा स्वतःच्या गोलात गेला होता, एकदा तिकडं गेला असता तर काय बिघडलं असतं?

आर्सेनल_अनगोळ

टीव्हीवर बसून बोलतो ते पण लिहा काका. २०१८ ला गाडीतून थुंकला म्हणून चॅनेलनं घरी बसवला होता. निष्ठावंत मंडळी कौतुकात हे विसरतात.

टिळकवाडीचा_स्टॉपर

विसरलो नाही. चुकलाच होता, त्यानं माफीही मागितली. स्टॉपर म्हणून त्याचं माप त्यानं कमी होत नाही. ॲडम्सला जेलसकट घेतलास ना तू? मग ह्याला पण घे.

आर्सेनल_अनगोळ

घेतला 🤝

मडगाव_व्हाया_लोंढा

भांडण मिटलं वाटतं. मग एक काम करा. ह्या धाग्यावर जे जे आले त्यांनी आपापल्या भागातल्या एका बॅकबद्दल चार ओळी लिहा, खानापूरकरांनी लिहिल्या तशा. कॅम्प, शहापूर, वडगाव, निपाणी, चिकोडी, गोकाक. नाव नको असेल तर नका लिहू, पण कुठल्या मैदानावर आणि कुठल्या पायानं खेळायचा ते लिहा. फॉरवर्डवाल्यांनी कृपया दुसरा धागा काढावा.

निपाणकर_आण्णा

लिहितो. आमच्याकडचा एक लेफ्ट बॅक आहे, अजून खेळतो, पोराबरोबर एकाच टीममध्ये. रविवारी त्याची मॅच आहे, बघून येतो आणि मग लिहितो.

शहापूरची_सई

आणि लेडली किंगवर पण कोणीतरी लिहा. टॉटनहॅम, १९९९ ते २०१२, गुडघा इतका गेलेला की आठवडाभर सराव करता येत नसे, आणि शनिवारी थेट मॅचला उतरायचा. माझा भाऊ स्पर्सवाला, म्हणजे टॉटनहॅमचाच आहे, तो लिहायला लाजतोय.

आर्सेनल_अनगोळ

स्पर्सवाल्यानं लाजलंच पाहिजे. पण किंगवर मी लिहितो. त्याच्याविरुद्ध आमचे फॉरवर्ड कसे गप्प व्हायचे ते मला चांगलं ठाऊक आहे.